पुरुमेंत आणि मान्ना

मे महिना अर्धा सरला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाळ्याची चाहूल आधी नाकाला लागते. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, गालमो म्हणजे सुका जवळा, शेजारी कांद्याच्या माळा, लाल मिरच्या, मीठ लावून वळलेले चिंचेचे गोळे, सोलं. मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला तर लोक सरळ ‘पुरुमेंताचं फेस्त’ म्हणतात. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पेंटेकॉस्टच्या आगेमागे ते येतं, आणि पवित्र आत्म्याच्या सणाच्या निमित्ताने घरोघरी पावसाळ्याची खरेदी उरकते. पुरुमेंत म्हणजे बेगमी. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण गोव्यातल्या हिंदू घरांतही तो तितकाच मुरलाय.

पुरुमेंताचं सगळं कसब सुकवण्यात आणि खारवण्यात. कोकमाची सालं एकदा उन्हात टाकून भागत नाही. ती सुकवायची, मीठ घातलेल्या आगळात, म्हणजे कोकमाच्याच रसात बुडवायची, परत सुकवायची, असं पाच-सात वेळा. तेव्हा कुठे काळीभोर, चिवट सोलं होतात आणि पुढच्या मेपर्यंत टिकतात. घाईत काढलेली ओलसर सोलं जुलैत बुरशी धरतात. सुंगटांचंही तेच. वरून कडक आणि आत मऊ राहिलेलं सुंगट डब्यात गेलं की एकटं नासत नाही, अख्खा डबा घेऊन नासतं. चेपणीच्या आंब्यांवर दगड ठेवतात तो याचसाठी. एका कैरीने मिठाच्या पाण्यावर डोकं काढलं की तिथूनच पांढरी साय धरायला लागते. श्रावणात जरा ऊन पडलं रे पडलं की डबे पुन्हा अंगणात.

हा सगळा खटाटोप जमतो, कारण पावसाला तारीख असते. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनला थांबते ती ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस. दिवस ठाऊक असले की माणूस हिशोब मांडतो: इतके तांदूळ, इतके डबे, वाण्याकडे इतकी उधारी. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की सुटलो.

तारीख नसलेला पावसाळाही गोव्याने पाहिलाय. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे काही काळ चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ज्यांनी ट्रक हप्त्यावर घेतले होते त्यांना हप्त्याची तारीख पाठ होती. खाण सुरू व्हायची तारीख कुणालाच सांगता येत नव्हती. गाठीचा तपास, गेलेली नोकरी, घर सोडून गेलेलं माणूस, वर्षानुवर्षं न उजवलेली कूस, नवऱ्याची दारू, ही सगळी याच जातीची संकटं. किती दिवस पुरवायचं तेच माहीत नाही, तर साठवायचं किती? ‘देव विश्वासू आहे’ हे वाक्य ख्रिस्ती माणसाला जड जातं ते नेमकं इथे, कारण ते कुठल्या मापाने मोजायचं ते कळेनासं होतं.

बायबलातल्या निर्गमाचा सोळावा अध्याय मापाचाच आहे. इस्राएल लोकांना मिसर सोडून बरोबर एक महिना झालेला, पोटं रिकामी, कुरकुर सुरू. मग सकाळी दव उडालं की जमिनीवर हिमकणांसारखं काहीतरी बारीक पसरलेलं दिसायला लागलं. ‘हे काय?’ असं लोकांनी विचारलं, इब्रीत ‘मान हू’, आणि त्या प्रश्नाचंच नाव होऊन बसलं: मान्ना. म्हणजे चाळीस वर्षं ही माणसं रोज एक प्रश्न खात होती! नियम साधे होते. माणशी एक ओमर. ओमर हा एफाचा दहावा हिस्सा, आजच्या मापाने साधारण दोन लिटर. ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. ऊन तापलं की जमिनीवरचं वितळून जाई. उद्यासाठी झाकून ठेवलं तर सकाळी किडे आणि घाण. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर, आणि ते शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसाच्या सकाळी ताजंच राही. तरी सातव्या दिवशी काही लोक शोधायला बाहेर पडलेच. माणसं तीच, तेव्हाची काय आणि आताची काय.

पुरुमेंताच्या संस्कारात वाढलेला माणूस हे वाचून जरा बिचकतो. साठवणं म्हणजे अविश्वास की काय? पण अध्याय तिथे संपत नाही. तेहतिसाव्या वचनात लोकांचा पुढारी मोशे आपल्या भावाला, अहरोनाला सांगतो की एक बरणी घे, तिच्यात ओमरभर मान्ना घाल आणि पुढच्या पिढ्यांना दिसावा म्हणून परमेश्वरासमोर ठेव. पदार्थ तोच, माप तेच, एक ओमर. उद्याच्या पोटासाठी झाकलं ते एका रात्रीत नासलं. कालची साक्ष म्हणून ठेवलं ते टिकलं. मला तरी हा अध्याय या फरकावरच उभा दिसतो. उद्याचं बळ आज साठवता येत नाही, कालची आठवण साठवता येते. संकटात आपण हटकून उलटं करतो. पुढच्या सहा महिन्यांचं धैर्य आज रात्रीच पदरात पडावं म्हणून देवाशी भांडतो, आणि गेल्या वर्षी कोण कसं धावून आलं ते सपशेल विसरलेलो असतो.

आधी रोजच्या मान्नाचं बघू. प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत रोजची भाकर मागतो. शेजारचं कॅथलिक कुटुंब कोंकणीत ‘गिरास’ मागतं, म्हणजे घास. भाकरीपेक्षाही लहान माप, आणि वाईट दिवसांत तेच बरं पडतं. ‘हे सगळं कधी संपणार’ ही हाक आहे, ती खुशाल मारावी, स्तोत्रं तिने भरलेली आहेत. मागणं मात्र ओमराएवढं असावं. ‘बरं कर’ याच्या जोडीला: आज औषधानंतर दोन घास पोटात ठरू देत. ‘कर्ज फिटू दे’ याच्या जोडीला: आज वसुलीवाल्याचा फोन येईल तेव्हा तोंडातून खोटं निघू नये. असं मागणं संध्याकाळी तपासता येतं. मिळालं की नाही ते कळतं. ‘आम्हाला शांती दे’ हे कुणी, कशावरून तपासणार?

याला एक कागद आणि दोन रकाने पुरतात. एका बाजूला ‘आज’, दुसऱ्या बाजूला ‘आज नाही’. महिनाअखेरचा रिपोर्ट, जूनमधली शाळेची फी, थोरल्याचं लग्न हे सगळं दुसऱ्या रकान्यात. ते खोडायचं नाही आणि नाकारायचंही नाही. त्याचा दिवस उगवला की पहिल्या रकान्यात आणायचं. रात्री दहानंतर दुसऱ्या रकान्यातलं काहीही उघडायचं नाही, कारण त्या वेळी प्रत्येक आकडा दुप्पट दिसतो. प्रार्थनेला सकाळच हवी असा काही नियम नाही, हेही लक्षात ठेवावं. रात्रपाळी करून आठ वाजता घरी येणाऱ्या नर्सची सकाळ संध्याकाळी पाचला उजाडते. तिने भक्तीच्या नावाने झोप मोडू नये. आणि सहाव्या दिवसाचं दुप्पट विसरायचं नाही. पुढचा खड्डा दिसत असेल तर आधी भरून ठेवणं हीसुद्धा आज्ञाच होती. देव विश्वासू आहे तेव्हा विमा कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला त्याच अध्यायातलं बाविसावं वचन वाचायला द्यावं.

आता बरणी. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की देवाची जुनी कृत्यं आठवली की लगेच बरं वाटतं. सत्याहत्तरावं स्तोत्र उघडून पाहा. तिसऱ्याच वचनात स्तोत्रकर्ता आसाफ म्हणतो की देवाची आठवण होते आणि मी कण्हतो. आठवण आधी टोचते, कारण तेव्हाचा देव आणि आताची शांतता यांची तुलना होते. त्याची झोप उडते, तोंडून शब्द फुटत नाही, देव दया करायचं विसरला का असं तो विचारतो. अकराव्या वचनाशी येऊन त्याच आठवणी तो ठरवून, एकेक करून काढायला लागतो, आणि मग समुद्रातून निघालेली वाट त्याला दिसते. त्या वाटेवर देवाच्या पावलांचे ठसे दिसले नाहीत, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो.

बरणीत काय जातं याला म्हणून महत्त्व आहे. भावना म्हणजे आत मऊ राहिलेलं सुंगट. ‘प्रभूने अद्भुत रीतीने सांभाळलं’ ही ओली नोंद. सहा महिन्यांनी ती उघडली की तिच्यातून काहीच हाती लागत नाही, उलट चीड येते. सुकलेली नोंद अशी असते: ‘१२ जुलै. भाड्याला साडेतीन हजार कमी. संध्याकाळी जुन्या मालकाने थकलेले चार हजार पाठवले.’ तारीख, आकडा, माणूस. विशेषण नको, अर्थही लगेच लावायचा नाही. आणि जे मागितलं पण मिळालं नाही तेही लिहायचं, त्याच वहीत, त्याच शाईत. ते वगळलं की वही आपल्यालाच खोटी वाटायला लागते, मग ऐन वेळी तिच्यातल्या खऱ्या नोंदींवरही मन बसत नाही. एक खोटी ओळ अख्खा डबा नासवते.

पाठांतरही या बरणीतलंच. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाचे डोळे ओळीवरून ओळीवर घसरतात, वाचलेलं आत जात नाही. तिथे उपयोगी पडतं ते बऱ्या दिवसांत पाठ केलेलं. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे, आणि पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. तक्रार, मग मागणं, मग भरवसा, असा त्याचा चढ आहे. शांतपणे म्हटलं तरी मिनिटभरात होतं. एकशे छत्तिसावं लांब आहे, २६ वचनं, पण प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच असल्यामुळे एकाने म्हणावं आणि आजारी माणसाने नुसती शेवटची ओळ ओढावी. अठ्ठ्याऐंशीवंही ठाऊक असू द्यावं. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. काही रात्री तेवढंच खरं वाटतं.

विलापगीताबद्दल जरा रेंगाळावंसं वाटतं. ‘रोज सकाळी नवी होणारी दया’ हे त्यातलं वचन आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहतो, सूर्योदयाच्या चित्राखाली. मूळ जागा वेगळी आहे. इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, त्या राखेतली ही पाच गीतं. पैकी पहिली चार इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बांधलेली. आपल्याकडे प्रत्येक कडवं क, ख, ग अशा क्रमाने सुरू करावं तसं. तिसऱ्या गीतात प्रत्येक अक्षराला तीन-तीन वचनं, एकूण ६६. शहर जळालेलं, रस्त्यात पोरं उपाशी, आणि हा माणूस अक्षरं मोजतोय. मला यात कोरडेपणा दिसत नाही. ज्याचं रडणं आवरत नाही त्याला कुठेतरी हात टेकायला कठडा लागतो, तो कठडा त्याने अक्षरांचा केला.

आणि ते प्रसिद्ध वचन येतं आठव्या अक्षरावर. त्याच्यानंतर चौदा अक्षरं उरतात. त्यांत पुन्हा डोळ्यांतून पाण्याचे पाट वाहतात, पुन्हा तो खड्ड्यात पडतो, वरून दगड येतात. पाचव्या गीतात वचनं २२च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे, आणि अखेरीला प्रश्नच उरतो: की तू आम्हाला कायमचंच टाकलंस? भरवसा मधे कुठेतरी येऊन जातो, रडणं त्याच्या आधीही असतं आणि नंतरही. मंगळवारी प्रार्थनेत मन स्थिर झालं आणि गुरुवारी पुन्हा कोसळलं, तर मंगळवार खोटा ठरत नाही.

‘विश्वासूपण’ हा आपला शब्द जरा माणसाच्या स्वभावाकडे झुकतो. इब्री ‘एमूना’ त्याहून हाताला लागणारा आहे. ‘आमेन’ त्याच धातूतला. मान्नाच्या पुढच्याच अध्यायात तो एका मजेशीर जागी येतो. अमालेक नावाच्या शत्रू टोळीशी लढाई चाललेली, मोशे टेकडीवर हात वर करून उभा. हात वर तोवर इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकाची. म्हाताऱ्याचे हात भरून आले. मग त्याच्याखाली एक धोंडा सरकवून त्याला बसवलं, एका बाजूने अहरोनाने, दुसऱ्या बाजूने हूराने हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात ‘एमूना’ राहिले. म्हणजे स्थिर. मोशेचा विश्वास तिथे धोंड्यावर बसून, दोघांच्या खांद्यांवर टेकून होता, आणि शास्त्राला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

तेव्हा कुणाचा हात धरायचा असेल तर काय करावं? ‘काही लागलं तर सांगा हं’ हे वाक्य कुणाच्याही उपयोगी पडत नाही, कारण बुडणाऱ्याला यादी करायला सांगितल्यासारखं ते आहे. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचं जेवण आमच्याकडून, तिखट चालतं ना?’ हे उपयोगी. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रुग्णाजवळ रात्री बसायला कोण, पोरांना शाळेतून आणायला कोण, हे नावानिशी वाटून घ्यावं. पेज द्यावी, सोबत लोणच्याची फोड. डबा परत मागू नये. मंडळीचा उत्साह पहिल्या आठ-दहा दिवसांत उतू जातो, एकाच संध्याकाळी तीन घरांतून बिर्याणी येते, आणि तिसऱ्या आठवड्यात दार वाजत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सहा आठवड्यांचं पत्रक करावं आणि भरवशाची माणसं मुद्दाम शेवटच्या आठवड्यांत घालावीत. हूराची गरज संध्याकाळी जास्त होती.

बोलायची घाई तर नकोच. मरण मागून झुडपाखाली आडवा झालेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला, उठवून खायला घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. प्रश्न विचारले ते पुढे चाळीस दिवसांनी, डोंगरावर. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री गप्प बसले होते तोवर फार चांगले होते. तोंड उघडलं आणि सगळं बिनसलं. झोप, भूक, आवड सगळंच आठवडेन् आठवडे गेलं असेल तर डॉक्टर गाठावा, आणि त्या गोळीलाही देवदूताच्या भाकरीच्याच रांगेत बसवावं.

चुकीच्या जागी लावलेली वचनंही त्रास देतात. ‘देव झेपेल तेवढंच देतो’ असं वाक्य पवित्र शास्त्रात नाही. पहिल्या करिंथकरातलं जे वचन त्यासाठी पुढे करतात ते मोहाच्या परीक्षेविषयी आहे. दुःखाविषयी प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच सांगतो की आशियात आमच्यावर झेपण्यापलीकडचं ओझं आलं, जगण्याचीही आशा सुटली. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ‘तुमच्या हिताचे संकल्प’ हे वचन दहावीच्या मुलाला निकालाच्या आदल्या रात्री पाठवतात. ते पत्र बाबेलातल्या कैद्यांना होतं, आणि त्याच्या अलीकडच्याच वचनात सत्तर वर्षं लिहिलेली आहेत. म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना परतीचा रस्ता दिसणार नव्हता. त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. तारीख नसलेल्या पावसाळ्यात राहायचं कसं याचं याहून रोकडं उत्तर मला तरी ठाऊक नाही.

आपल्या उपासनांत साक्षीला उभं राहतो तो ज्याचं काम झालेलं आहे तोच. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, व्हिसा आला. ज्याचं अजून अडलेलं आहे तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. अधूनमधून अर्धवट साक्ष मागावी: ‘अजून काही झालेलं नाही, पण आजच्या दिवसाचं मिळालं.’ सुरुवातीला मंडळीला अवघडल्यासारखं होतं. होऊ द्यावं.

मान्ना एके दिवशी थांबला. यहोशवाच्या पाचव्या अध्यायात, कनानातलं धान्य खाल्लं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. निरोप नाही, समारंभ नाही. सकाळी दव उडालं आणि जमीन नुसतीच जमीन. संकट सरल्यावर बऱ्याच जणांना जे पोरकेपण येतं ते असंच असतं. डबे येईनासे होतात, रोजची ती टोकदार प्रार्थना सुचेनाशी होते, देव लांब गेल्यासारखा वाटतो. तो आता नांगरामागे आणि पगाराच्या पावतीत असतो, आणि तिथे तो ओळखू यायला वेळ लागतो.

बरणीचं पुढे काय झालं ते शास्त्र सांगत नाही. शलमोन राजाने मंदिरात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी आणली तेव्हा आत दोन दगडी पाट्यांखेरीज काही नव्हतं, एवढी नोंद आहे. गोव्यात बसून हे वाचताना सासष्टीतलं राचोल गाव आठवतं. तिथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांत. मग १६४९ मध्ये आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तिन्ही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर इथल्या लोकभाषेविरुद्धच फर्मान निघालं. ओव्या मात्र राहिल्या, कारण लोकांनी त्या हाताने नकलून घेतल्या आणि मोठ्याने म्हटल्या. १९०७ मध्ये मंगळूरला पुराण पुन्हा छापलं ते हस्तलिखितांवरून.

ऑगस्ट उतरतीला लागला की पुरुमेंताचे डबे रिकामे होतात. धुऊन, पुसून, उन्हात पालथे घालतात. सुट्टीची दुपार असते, पोरं आसपास असतात, पानात या मोसमातला पहिला ताजा बांगडा. वही काढायला वेळ बरा असतो. ‘बारा जुलै’ असं वाचलं की धाकटं विचारतं, तेव्हा मी केवढा होतो? आणि पेज घेऊन कोण आलं होतं?